पारा निघून जातो, इजा मागे राहते

पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या घरी काचेचा थर्मामीटर कधी ना कधी फुटलेला असतो. फरशीवर पळणारे ते चंदेरी थेंब बोटाने ढकलून एकत्र करण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केला असेल. नेहमीच्या तापमानाला द्रवरूप राहणारा हा धातू दिसायला इतका लोभस आहे, की त्याचे भय वाटत नाही. शिवाय त्या खेळाने कोणाला लगेच काही झाल्याचेही आठवत नाही. पाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते. तो इजा करीत असतो तेव्हा कळत नाही. आणि कळते तेव्हा रक्तातून व लघवीतून तो पुष्कळदा नाहीसा झालेला असतो. इजा मात्र मागे राहिलेली असते.

म्हणूनच पाऱ्याच्या बाबतीत औषधोपचारापेक्षा वेळेवर केलेल्या मोजमापाला अधिक महत्त्व आहे. हे मोजमाप कोणाचे करावे, कशातून करावे, कधी करावे आणि आकडा हाती आल्यावर काय करावे, हे प्रश्न केवळ कारखान्याच्या डॉक्टरांचे नाहीत. पाऱ्याच्या संपर्कात काम करणारा माणूस संध्याकाळी आपल्याच घरी परततो, आणि पारा तर आजकाल क्रीमच्या डबीतूनही घरात शिरतो. तेव्हा हा विषय कुटुंबाने समजून घेण्यासारखा आहे.

एक नाव, तीन रूपे

‘पारा’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो. पण आरोग्याच्या दृष्टीने पारे तीन आहेत, आणि तिन्हींचे स्वभाव भिन्न आहेत.

पहिला, धातुरूप पारा. थर्मामीटरमधला, रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्रातला. हा गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही. शौचावाटे बाहेर पडतो. परंतु त्याची वाफ श्वासातून आत गेली, तर तिचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि तेथून मेंदूपर्यंत पोहोचतो. ही वाफ होण्यासाठी पारा तापवावा लागत नाही. २० अंश सेल्सिअसलाही बंद खोलीत उघडा पारा राहिला, तर हवेत दर घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅमपर्यंत वाफ साठू शकते. कामाच्या जागेसाठी आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातलेली मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती. या वाफेला रंग नाही, वास नाही, आणि ती घशाला झोंबतही नाही.

दुसरा, क्षाररूप पारा. त्वचा उजळवणाऱ्या काही बेकायदा क्रीममध्ये असतो तो हा. त्याचा मुख्य रोख मूत्रपिंडांवर असतो. एकेकाळी पाश्चात्त्य देशांत दात येणाऱ्या बाळांना देण्याच्या चूर्णात पाऱ्याचा असाच एक क्षार घालीत असत. त्यामुळे बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटत, ती सतत किरकिर करीत आणि काही दगावतही. ती चूर्णे बाजारातून गेली आणि तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला.

तिसरा, मिथिल मर्क्युरी. पाण्याच्या तळाशी असलेले सूक्ष्म जीव साध्या पाऱ्याचे या रूपात परिवर्तन करतात. तेथून तो शेवाळात, लहान माशांत आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातो. हा पोटात गेला की जवळजवळ संपूर्ण शोषला जातो, मेंदूत शिरतो आणि गर्भवतीच्या वारेतून बाळापर्यंतही जातो. नाळेतल्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा सरासरीने सुमारे पावणेदोन पट आढळते.

कोणत्या रूपासाठी कोणता नमुना?

आता यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट. ‘डॉक्टर, पाऱ्याची तपासणी लिहून द्या’ असे म्हणून भागत नाही. कोणता पारा शोधायचा, हे आधी ठरवावे लागते.

वाफेचा किंवा क्षाराचा संशय असेल, तर लघवी तपासावी. सकाळची पहिली लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ डबीत घेतात, आणि पाऱ्याच्या बरोबरीने क्रिएटिनिनही मोजतात. कारण पाणी जास्त प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ होते आणि पाऱ्याचा आकडा खोटाच कमी दिसतो. क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढले की ही फसगत टळते. पाऱ्याशी कामाचा संबंध नसलेल्या माणसात हा आकडा सहसा एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत असतो. कामगारांसाठी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी ठेवली आहे. पूर्वी ती ३५ होती. ज्ञान वाढत गेले, तशी मर्यादा खाली येत गेली, हेही ध्यानात घ्यावे.

मिथिल मर्क्युरी लघवीतून फारसा बाहेर पडत नाही. त्यासाठी रक्त किंवा केस तपासतात. जर्मनीतील तज्ज्ञ आयोगाने रक्तासाठी दोन पायऱ्या सांगितल्या आहेत: लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपर्यंत काळजीचे कारण नाही, आणि १५ च्या पुढे गेल्यास कृती आवश्यक. केसांचा उपयोग आणखी वेगळा आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या त्या वेळच्या रक्तातला मिथिल मर्क्युरी आपल्यात बांधून घेतो. त्यामुळे टाळूलगतचा सेंटिमीटर हा गेल्या महिन्याचा हिशेब, त्यापुढचा त्याच्या आधीच्या महिन्याचा. केस म्हणजे शरीराने आपण होऊन लिहिलेली रोजनिशीच.

या रोजनिशीचा मोठा उपयोग इराकमध्ये झाला. १९७१ च्या अखेरीस तेथील शेतकऱ्यांना पेरणीसाठी गहू व जव मिळाले. बुरशी लागू नये म्हणून त्या बियाण्याला मिथिल मर्क्युरीचे औषध चोळलेले होते. पुष्कळ ठिकाणी बियाणे पेरणीचा हंगाम उलटल्यावर पोहोचले आणि लोकांनी त्याचे पीठ करून भाकऱ्या खाल्ल्या. सरकारी नोंदीनुसार ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले. भाकरी खाणे आणि लक्षणे दिसणे यांत कित्येक आठवड्यांचे अंतर होते. कोणी किती आणि कधी खाल्ले, हे नंतर स्त्रियांच्या लांब केसांचे तुकडे तपासून ठरवता आले. गर्भावस्थेत बाळाला किती पारा पोहोचला, याचा अंदाजही त्या केसांनीच दिला.

घड्याळ कोणासाठी थांबत नाही

शरीरात आलेल्या पाऱ्यापैकी निम्मा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. वाफ व क्षार यांच्यासाठी हा काळ सुमारे साठ दिवसांचा, तर रक्तातल्या मिथिल मर्क्युरीसाठी साधारणपणे पन्नास दिवसांचा धरला जातो. हिशेब सोपा आहे. उदाहरणादाखल समजा, एखाद्या कामगाराच्या लघवीत १२८ मायक्रोग्रॅम पारा होता आणि त्या दिवशी त्याने काम सोडले. दोन महिन्यांनी ६४, चार महिन्यांनी ३२, सहा महिन्यांनी १६ आणि वर्षाच्या अखेरीस अवघे २. वर्षानंतर तपासणी झाली, तर अहवाल ‘सर्वसामान्य’ येईल. मात्र तो अहवाल आजच्या लघवीबद्दल खरे सांगतो. कालच्या इजेबद्दल काहीच सांगत नाही. मेंदूत शिरलेला पारा तर रक्तापेक्षा कितीतरी अधिक काळ, काही अंशी वर्षानुवर्षे, तेथेच मुक्काम करतो.

या विलंबाचे सर्वांत दुःखद उदाहरण एका शास्त्रज्ञाचेच आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या संयुगाचे मोजके थेंब सांडले. ते रबरी हातमोजा पार करून त्वचेत उतरले. त्या धातूंच्या विषारीपणाच्या जाणकार होत्या आणि त्यांनी नेहमीची सर्व खबरदारी घेतलेली होती. चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे ही स्पष्ट लक्षणे दिसेपर्यंत जवळजवळ पाच महिने उलटले. जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पारा नेमका केव्हा आत गेला, याचा पुरावा त्यांच्या केसांत सापडला.

आपल्या देशातील कोडाईकनालची हकीकत याच संदर्भात पाहावी. तमिळनाडूतील या थंड हवेच्या गावी १९८० च्या दशकात थर्मामीटर बनवण्याचा कारखाना सुरू झाला. त्याची यंत्रसामग्री अमेरिकेतून आणलेली होती. १९८७ मध्ये तो हिंदुस्थान लिव्हरच्या ताब्यात आला. पाराशी निगडित काचेचा कचरा गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात आढळल्यानंतर मार्च २००१ मध्ये कारखाना बंद पडला. पुढे कामगारांनी मूत्रपिंडाच्या, मज्जासंस्थेच्या व इतर आजारांच्या तक्रारी मांडल्या आणि २००६ मध्ये त्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. कारखान्यात कामगारांची नियमित तपासणी होत होती आणि तेथील कामामुळे कोणाच्या आरोग्याला बाधा झाली नाही, अशी कंपनीची भूमिका राहिली. अखेर मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला.

कारखाना बंद पडण्यापासून समझोत्यापर्यंत पंधरा वर्षे गेली. या वादात कोणाचे किती बरोबर, हा निवाडा करण्याची ही जागा नाही. मात्र आपल्यासाठी त्यातला बोध स्पष्ट आहे. कारखाना सुटल्यानंतर एखाद्या कामगाराने स्वखर्चाने रक्त तपासून घेतले असते, तरी त्याच्या हाती काय लागले असते? घड्याळ केव्हाच पुढे गेलेले होते. अशा वेळी बोलू शकतो तो एकच साक्षीदार: नोकरीच्या काळातला, तारीखवार, स्वतःच्या नावाचा तपासणी अहवाल. तो कामगाराच्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या फायलीत असला पाहिजे.

मोजले, पण थांबवले नाही

मोजमाप आवश्यक आहे. पण ते पुरेसे नाही, हे जपानमधील मिनामाताने दाखवून दिले. तेथील चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्यातून मिथिल मर्क्युरी असलेले सांडपाणी समुद्रात जात होते. कोळ्यांच्या वस्तीतील मांजरे विचित्र हातवारे करीत मरू लागली. मग माणसांना आकडी, अंधत्व, लुळेपणा येऊ लागला. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातून या अज्ञात आजाराची वर्दी अधिकृतपणे देण्यात आली.

१९६० पासून तीन वर्षे त्या समुद्रकाठच्या रहिवाशांचे केस तपासण्यात आले. एका बेटावरील महिलेच्या केसांत दर ग्रॅमला ९२० मायक्रोग्रॅम इतका पारा आढळला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आजचा संदर्भ आकडा साधारण १ आहे, यावरून त्याची भीषणता लक्षात यावी. म्हणजे आकडा कागदावर होता. तरीही पारा वापरणारे ते उत्पादन १९६८ पर्यंत चालूच राहिले.

मिनामाताने आणखी एक गोष्ट शिकवली. जपानमध्ये बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा लाकडी डबीत जपून ठेवण्याची प्रथा आहे. जन्मतःच अपंगत्व घेऊन आलेल्या मुलांना गर्भातच पारा पोहोचला होता का, हे अनेक वर्षांनी विचारले गेले, तेव्हा डॉ. मासाझुमी हाराडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांनी जपलेल्या त्या नाळा तपासल्या. आयांनी मायेपोटी ठेवलेली वस्तू विज्ञानाचा पुरावा ठरली. पण प्रत्येक ठिकाणी अशी डबी मिळणार नाही. म्हणून नमुना वेळेवर घेणे, आकडा त्या माणसाला समजावून सांगणे आणि संपर्क थांबवणे या तिन्ही पायऱ्या मिळूनच मोजमाप पूर्ण होते.

‘काम काय करता?’

इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाऱ्याने मुलामा देणारे कारागीर आणि आरसे बनवणारे यांच्या व्यथा आहेत. वैद्याने रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तुमचे काम काय?’ हेही विचारावे, असा आग्रह त्यांनी धरला. तीनशे वर्षांनंतरही पाऱ्याच्या निदानाची सुरुवात याच प्रश्नापासून होते. डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर आपण होऊन सांगावे.

आपल्याकडे पाऱ्याशी संबंध येणारी कामे कोणती? थर्मामीटर व मापनयंत्रे बनवणे आणि दुरुस्त करणे. नळीदिवे व सीएफएल दिवे बनवणे आणि भंगारात फोडणे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची मोडतोड. दातांच्या दवाखान्यात चांदीचे म्हणून ओळखले जाणारे मिश्रण तयार करणे. आणि सोनाराच्या दुकानातील धूळ-राख गोळा करून त्यातले सोने पाऱ्याने वेगळे काढणे. झारेकऱ्यांच्या या जुन्या व्यवसायात सोने धरून ठेवलेला पारा आचेवर उडवतात आणि ती वाफ थेट चेहऱ्यावर येते. हे काम घरातल्याच खोलीत चालत असेल, तर चुलीजवळ खेळणारे मूलही तीच हवा घेते.

वाफेच्या दीर्घ संपर्काची लक्षणे हळूहळू येतात. बोटांना सूक्ष्म कंप सुटतो. सही बदलते, सुईत दोरा ओवणे जमेनासे होते. हिरड्या सुजतात, तोंडाला लाळ सुटते. झोप उडते, विसराळूपणा येतो आणि स्वभाव पालटतो: मोकळा माणूस भिडस्त होतो, शांत माणूस चिडखोर. घरचे म्हणतात, ‘हल्ली यांचा स्वभावच बदललाय.’ दवाखान्यात कोणी स्वभाव बदलला म्हणून सहसा येत नाही. म्हणून घरच्यांनी केलेली ही नोंद मोलाची ठरते. बँकेच्या पासबुकातली वा रेशनकार्डावरची जुनी सही आजच्या सहीशेजारी ठेवून पाहिली, तरी कंपाचा अंदाज येतो. यांपैकी प्रत्येक लक्षणाला इतर पन्नास कारणे असू शकतात, हे खरे. पण त्या माणसाचे काम पाऱ्याचे असेल, तर पहिले कारण तेच धरून तपासावे.

कायदा या बाबतीत मुका नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत पाऱ्याची विषबाधा सूचनीय आजारांत होती, आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. म्हणजे असा रुग्ण आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी संबंधित कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. धोकादायक प्रक्रियांत काम करणाऱ्यांची कामावर घेण्याआधी आणि नंतर किमान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करणे, तिच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहू देणे, हीही तरतूद १९४८ च्या अधिनियमात होती. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे काम पाहते.

आपल्या घरातील कोणी अशा ठिकाणी काम करीत असेल, तर तीन गोष्टी अवश्य करा. कामावर रुजू होण्यापूर्वीचा लघवीतल्या पाऱ्याचा आकडा मिळवून ठेवा, म्हणजे पुढचा बदल मोजता येईल. प्रत्येक अहवालाची प्रत मागून घरी ठेवा. आणि कामाचे कपडे, बूट घरात आणू नका. ते कामाच्या ठिकाणीच बदला व वेगळे धुवा. आकडा वाढत असेल, तर तो मर्यादेला टेकण्याची वाट न पाहता संपर्क कमी करण्याचा आग्रह धरावा. मोजमापाचा अर्थ नाजूक कामगार वेचून घरी पाठवणे असा होऊ नये. हवा कुठे बिघडली आहे, हे त्यातून शोधायचे असते.

घराच्या उंबरठ्याच्या आत

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही, त्यांनी क्रीमच्या डबीकडे पाहावे. पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्यास अटकाव करतात, म्हणून काही दिवसांतच चेहरा उजळ दिसतो. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती वापरायच्या प्रसाधनांखेरीज इतर प्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक पारा चालत नाही. पण लेबल नसलेल्या, हातोहात विकल्या जाणाऱ्या डब्या नियम पाळीत नाहीत. अकोल्यात एकाच घरातील तिघींना असे क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे मूळ क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोहोचले, ही बातमी २०२३ मध्ये आपण वाचली असेल. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळातील एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत एक विरळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरीत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांत सुधारणा झाली. हे शक्य झाले, कारण कोणीतरी ‘चेहऱ्याला काय लावता?’ असे विचारले. पायांवर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल आणि अशी डबी घरात असेल, तर ती डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

थर्मामीटर फुटला, तर घाबरू नका, पण झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका. त्याने थेंब बारीक होऊन पसरतात. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. हातमोजे घालून जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, सारे झाकणाच्या बरणीत बंद करा. ती बरणी कचऱ्यात वा मोरीत टाकू नका. आपल्या नगरपालिकेच्या घातक घरगुती कचऱ्याच्या संकलनात द्या. एका थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून कमी पारा असतो. वेळीच उचलला तर धोका थोडा. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या गोळ्या मात्र वर्षभर डब्यात राहतात आणि फुटल्या की पारा थेट अन्नात मिसळतो. त्यांऐवजी कडक ऊन, घट्ट झाकणाचा डबा आणि कडुनिंबाचा पाला हेच बरे. नावगाव नसलेल्या पुड्यांतली ‘शक्तीची’ औषधे घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. रसौषधी असेल, तर ती पदवीधर वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

मासे सोडायचे का? नाही. गर्भवतीला आणि बाळाला मासळीतील प्रथिने व स्निग्धांश हवेतच. निवड मात्र करावी. मुशी, मोठा कुपा अशा दीर्घायुषी, शिकारी माशांत पारा अधिक साठतो. तारली, मांदेली, बांगडा यांसारख्या लहान माशांत पुष्कळ कमी. गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात मोठे शिकारी मासे टाळून लहान मासे खावेत, एवढे पुरे.

नको त्या तपासण्या

भीतीचाही बाजार होतो, म्हणून हेही सांगणे आले. ज्याला पाऱ्याच्या संपर्काचे कारणच नाही, त्याने थकव्यासाठी ‘जड धातूंचे पॅकेज’ करून घेण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी भरपूर मासळी खाल्ली, तरी रक्तातला आकडा वाढलेला दिसू शकतो. काही ठिकाणी आधी धातू बाहेर काढणारे औषध देऊन मग लघवी तपासतात. त्याने कोणाच्याही लघवीत पारा वाढतो आणि तो आकडा सर्वसामान्य मर्यादेशी ताडून माणसाला आजारी ठरवले जाते. ही पद्धत शास्त्रमान्य नाही. दातात बसलेले चांगले चांदी भरणही केवळ भीतीने काढू नये. ते काढतानाच वाफ अधिक सुटते.

सर्वांची मोजणी कशासाठी?

शेवटचा प्रश्न समाजाचा. पारा हवेतून देशोदेशी फिरतो. छोट्या प्रमाणावरील सोन्याच्या खाणी हा आज त्याचा जगातील सर्वांत मोठा मानवी स्रोत आहे आणि त्याखालोखाल कोळशाचे ज्वलन. म्हणून मिनामाताच्याच नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. त्यामुळे पाऱ्याची उपकरणे आपल्या दवाखान्यांतून निरोप घेत आहेत. पण करार कागदावर राहिला की माणसांपर्यंत पोहोचला, हे ठरवायचे कसे? उत्तर माणसांच्याच रक्तात आणि केसांत आहे. अमेरिकेत १९९९ पासून राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांच्या रक्तातील पारा मोजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही बाळंतिणींचे केस व नाळेतले रक्त यांवर आधारित पाहणीची पद्धत आखून दिली आहे. कारण केसाची एक बट देण्यात आईला वेदना नाही, आणि उत्तर बाळाच्या भविष्याबद्दल मिळते.

अशी पाहणी करणारे पथक कधी आपल्या गावी, आपल्या प्रसूतिगृहात आले, तर संशयाने पाहू नका. पण आपला आकडा आपल्याला कळवला जाईल ना, आणि तो जास्त निघाल्यास पुढे काय केले जाईल, हे जरूर विचारा. तो आपला अधिकार आहे. आणि तोवर एक साधी सवय लावून घ्या: दवाखान्यात गेलात की आजार सांगण्याबरोबर आपले काम, चेहऱ्याला लावता ती क्रीम आणि घेता ती पुडी, हे तिन्ही सांगा. या माहितीला खर्च नाही, आणि योग्य वेळी योग्य तपासणी होण्यासाठी तिच्याहून मोठी मदत नाही.